मदत हवी आहे: हेडलाइटची काच पिवळी पडलीय, गणपतीआधी घरच्या घरी साफ होईल का?

समुद्रकाठ:
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची हॅचबॅक, मालवणात, बारा महिने उघड्यावर. दोन्ही हेडलाइट वरच्या अर्ध्या भागात पिवळे आणि हाताला खरखरीत लागतात, खालचा भाग बरा आहे. लो बीमवर रस्ता दिसेनासा झालाय आणि गणपतीत रात्री आंबोली घाट चढायचा आहे. टूथपेस्टने काम भागतं का? की सरळ १००/९० वॅटचा बल्ब टाकू? आणि एवढ्या पावसात हे काम काढावं का? घरी ड्रिल आहे, पॉलिशिंग मशीन नाही.

जांभा:
आधी दोष बाहेर आहे की आत, ते बघा. काचेवर मगभर पाणी ओता. ओली असेपर्यंत स्वच्छ दिसली तर खराबी बाहेरच्या पृष्ठभागावर आहे, घासून निघेल. ओली असूनही धुरकटच राहिली तर आत ओल किंवा धूळ आहे, नाहीतर रिफ्लेक्टरचा चकचकीत थर गेलाय. मग बाहेरून घासण्यात अर्थ नाही.
वरचा भाग जास्त गेलाय म्हणजे मुख्य कारण ऊन. काच पॉलिकार्बोनेटची असते आणि तिच्यावर कंपनीतून आलेला कडक थर असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो तडकतो, मग खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. खारा वारा एकटा पिवळेपणा आणत नाही, पण त्या बारीक तड्यांत मीठ आणि लाल धूळ जाऊन बसते.
१००/९० चा विचार सोडा. होल्डर आणि वायरिंग ६०/५५ वॅटसाठी असतं. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजतो. शिवाय धुरकट काचेतून उजेड फाकतो, म्हणजे वाढीव उजेड समोरच्याच्या डोळ्यांत. घाटात धुकं असलं तर तुमच्याही.

खाडीपलीकडे:
टूथपेस्ट म्हणजे अगदी सौम्य पॉलिश. तडकलेला थर तसाच ठेवून वरवर चकाकी येते, काही आठवड्यांत पुन्हा तेच. पेट्रोल, थिनर, डासांचा स्प्रे यांतलं काही लावू नका. लगेच स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, पण प्लास्टिकला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात आणि ते घासून निघत नाहीत.

वंगण:
पूर्ण काम असं. हेडलाइट काढायची गरज नाही.
सामान: वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा सँडपेपर, ८००, १०००, १५००, २००० नंबरचा (प्रत्येकी दोन; नंबर मोठा तेवढा पेपर बारीक), जाड मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मायक्रोफायबर फडकी, बादलीभर पाण्यात दोन थेंब कार शाम्पू.
गाडी सावलीत घ्या. हेडलाइट आणि भोवतीचा पत्रा शाम्पूने नीट धुवा. आपल्याकडच्या लाल मातीचा एक कण पेपरखाली अडकला तर खोल ओरखडा पडतो. मग भोवतीच्या पत्र्यावर टेपचे दोन थर लावा. एकच लावला तर कोपऱ्यावर पेपर टेप फाडून रंगापर्यंत जातो.
८०० चा पेपर दहा मिनिटं भिजवून रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळा आणि आडवा घासा, पाणी सतत हवं. सुरुवातीला गाळ पिवळट निघेल. तो पांढरा निघायला लागला की जुना थर सुटला. इथे घाई नको. पुसून कोरडं करा: बेटासारख्या कडा दिसल्या तर तिथे थर शिल्लक आहे. बहुतेकांचं काम इथेच फसतं, शेवटी काच डागाळलेली दिसते ती याच बेटांमुळे. मग १००० उभा, १५०० आडवा, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. प्रत्येक पेपरला बादलीतलं पाणी बदला.
यानंतर दोन वाटा. वर टू-के क्लिअर कोट (हार्डनर मिसळून घट्ट होणारा पारदर्शक स्प्रे) मारणार असाल तर १५०० वरच थांबा, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर कोट धरत नाही. बारीक रेघा कोट भरून काढतो. कोट मारणार नसाल तर २००० आणि मग कंपाउंड. ड्रिलला फोमचा पॅड लावून कमी वेगात चालवा, एका जागी थांबू नका. तापलं की पॉलिकार्बोनेट मऊ होऊन ओढलं जातं.

समुद्रकाठ:
पाणी ओतल्यावर दोन्ही स्वच्छ दिसतात. ८०० मारल्यावर काच पांढरी होईल तिची भीती वाटते. आणि उजव्याच्या आत सकाळी दव धरतं.

वंगण:
पांढरी होणारच. २००० आणि कंपाउंडनंतर, किंवा कोट बसल्यावर, पारदर्शक होते.
आत दव येऊन दिवा अर्धा तास लावल्यावर जात असेल तर काळजी नको, हेडलाइटला हवा खेळायला भोक असतं. थेंब साचून राहत असतील तर मागची रबरी टोपी आणि ते भोक तपासा. टोपी फाटलेली किंवा बल्ब बदलल्यावर नीट न बसवलेली निघते. सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्याची वाफ रिफ्लेक्टरचा थर खाते.

जांभा:
पावसाचं उत्तर राहिलं. कोट आत्ता मारू नका. दमट हवेत थरावर ओल धरते आणि दुधासारखी झाक येते, ती काढायला पुन्हा १००० पासून सुरुवात. गणपतीपुरतं २००० आणि कंपाउंडपर्यंत जा आणि वर वॅक्स लावा, पंधरा दिवसांनी पुन्हा वॅक्स. थर काढलेली काच उघडी असते, पहिल्यापेक्षा लवकर पिवळी पडेल हे धरून चाला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की १५०० ने ती चकाकी मोडा, अल्कोहोलने पुसा, बोट न लावता कोट मारा. दुपारी बाराच्या आत आटपा म्हणजे संध्याकाळच्या दवाआधी थर वाळतो. २० सेंमीवरून, पहिला थर अगदी विरळ, दहा-दहा मिनिटांनी आणखी दोन. ओघळ येतात ते पहिलाच थर जाड मारल्याने.
डब्यावर हेडलाइटसाठी किंवा पॉलिकार्बोनेटसाठी असं लिहिलेलं हवं. साध्या स्प्रे लॅकरने काच तडकू शकते आणि त्यात ऊन अडवणारं काही नसतं.

खाडीपलीकडे:
टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून जाणं घातक. तोंडाला रुमाल बांधून चालत नाही, सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क आणि उघडी जागा हवी, पोरं आणि गुरं लांब. डब्याची पिन एकदा दाबली की हार्डनर मिसळून माल आत घट्ट व्हायला लागतो, त्यामुळे दोन्ही हेडलाइट तयार ठेवूनच दाबा. मारल्यावर २४ तास पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको.