खोकला नसलेला क्षय

‘दोन आठवडे खोकला नाही आणि थुंकी निगेटिव्ह आहे, तेव्हा क्षयाची शंका सोडावी,’ हे मत एचआयव्हीसह जगणाऱ्यांना लागू पडत नाही. फुप्फुसात पोकळी पडते ती मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या झुंजीमुळे. त्यामुळे सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे २००च्या खाली गेल्या की पोकळ्या क्वचितच पडतात, थुंकीत जंतू कमी उतरतात, एक्स-रे कधीकधी चक्क स्वच्छ दिसतो आणि आजार मानेच्या गाठी, छातीतले पाणी किंवा मेंदूची आवरणे अशा ठिकाणी निघतो.

कोल्हापुरातील माझ्या परिचयाच्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या एका गुऱ्हाळ कामगाराला खोकला असा नव्हताच. संध्याकाळी अंग कसकसायचे, पट्ट्याला दोन नवी भोके पाडावी लागली आणि कानाखाली सुपारीएवढी गाठ आली. थुंकीच्या भरवशावर महिना गेला. अखेर गाठीतील द्रव सुईने काढून सीबीनॅटला (क्षयजंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला) पाठवला, तेव्हा निदान झाले. म्हणून कितीही दिवसांचा खोकला, ताप, वजन घटणे किंवा रात्रीचा घाम, यांपैकी एकही लक्षण तपासणीस पुरेसे मानावे.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, सुरू झाल्यावर काही आठवड्यांत गाठ एकाएकी सुजली, तर गोळ्या परस्पर बंद न करता एआरटी केंद्रातील डॉक्टरांना दाखवावे. बऱ्याचदा सावरलेली प्रतिकारशक्तीच तेव्हा जंतूंवर तुटून पडलेली असते.