नुसतं डाँग क्वाई?

ताई, रात्री दोनला घामाने चिंब होऊन उठायचं, गाऊन बदलायचा, पंखा पाचवर करायचा, पाळी जाताना हे मीही काढलंय. तुम्ही विचारलंत, यासाठी डाँग क्वाई या चिनी औषधी मुळाच्या गोळ्या घेऊ का? १९९७ साली अमेरिकेत ७१ बायकांवर २४ आठवडे तपासून पाहिलं. औषध नसलेल्या गोळ्यांपेक्षा काही फरक पडला नाही. पण चिनी वैद्य हे मूळ सहसा एकटं देत नाहीत. एका जुन्या काढ्यात त्याच्या पाचपट हुआंगची हे दुसरं मूळ असतं. १९५०च्या दशकात शांघायमध्ये खास याच त्रासासाठी बसवलेल्या अर शिआन तांग या काढ्यात तर सहा वनस्पती आहेत. अर्थात मिश्रणांचाही ठोस पुरावा अजून नाही. आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर डाँग क्वाई नकोच, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तुम्हाला तसली गोळी चालू आहे का?