घरी बनवलेली १४ फुटी बोट फुल थ्रॉटलला उड्या मारतेय, आधी काय बदलू?

मंडळी, मासेमारीसाठी मरीन प्लायची सपाट तळाची बोट बनवलीय, मागे १५ एचपीचं टू स्ट्रोक आउटबोर्ड, प्रॉपेलर १० पिचचा (म्हणजे एका फेरीत हिशेबाने १० इंच पुढे जाणारा). अर्ध्या थ्रॉटलपर्यंत झकास पळते, पण एकटा असताना फुल दिलं की पुढचं टोक वरखाली आपटायला लागतं आणि जोरात वळवली की प्रॉपेलर हवा खातो, इंजिन नुसतंच किंचाळतं.

ट्रिमची पिन (इंजिनचा कलतेपणा ठरवणारी) सगळ्यात आतल्या भोकात घातली, पेट्रोलची टाकी नि बॅटरी पुढे सरकवली, उड्या कमी झाल्या पण गेल्या नाहीत. तळाला लांब सरळ पट्टी लावून बघितली तर ट्रान्समपाशी (मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन बसतं) तळ ३-४ मिमी वर उचललेला दिसतो, मला तरी खरा संशय तिथेच आहे. कॅव्हिटेशन प्लेट (इंजिनच्या पायावर प्रॉपेलरच्या वरची आडवी पट्टी) तळापेक्षा इंचभर वर आहे. आरपीएम ४७०० च्या पुढे जात नाही, मॅन्युअलमध्ये ५००० ते ६००० दिलंय (प्लग नवीन आहेत, तळ स्वच्छ आहे, ते बघून झालंय). ९ पिचने आरपीएम वाढेल, पण उड्या थांबणार नाहीत ना त्याने.

ट्रान्सम अर्ध्या इंचापेक्षा जास्त कापायचा नाहीये, मागून लाट आत येईल. मग आधी इंजिन तेवढं खाली घेऊ, की तळाला मागे पाचर लावून तो उचललेला भाग भरून काढू, आणि पाचर लावायची तर किती लांब नि किती जाड?