पाणी आणि वीज, दोन्ही बिलं एकदम वाढली. मदत हवी आहे

मुग्धा_
सलग दुसऱ्या महिन्यात दोन्ही बिलं वाढून आली आहेत. वापर पूर्वीइतकाच. सगळे नळ घट्ट बंद होतात, भिंतीला कुठे ओल नाही. प्लंबर बघून गेला, म्हणाला सगळं ठीक आहे. मग पाणी जातंय कुठे? कृपया "जपून वापरा" सांगू नका, जपूनच वापरतो. लवकर सांगा.

नळकाम
पाणी थेट येतं की गच्चीवरच्या टाकीतून? टाकी केवढी? पंप आहे का? घरात माणसं किती? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

काटकसर
आधी शॉवर बंद करा. मिनिटाला 10 लिटर सहज जातात. बादलीत 20 लिटरमध्ये अंघोळ होते. आम्ही शॉवर काढूनच टाकला.

सावली
काटकसर, सरसकट शॉवरला दोष नको. कमी धारेचा बसवला आणि साबण लावताना बंद ठेवला तर बादलीपेक्षाही कमी लागतं.

काटकसर
साबणाच्या हाताने कोणी बंद करत नाही हो. बादली संपली की संपली, तिथे मनाला आवर घालावा लागत नाही.

मुग्धा_
आमच्याकडे शॉवर नाहीच! टाकी गच्चीवर, गोल, हजार लिटरची. खालच्या टाकीतून पंपाने चढवतो.

गारवा
आरओ आहे का? 1 लिटरमागे 2-3 लिटर सोडून देतो. आम्ही ते बादलीत धरून फरशी पुसतो.

मुग्धा_
आरओ नाही.

नळकाम
मीटर खालच्या टाकीच्या आधी असेल, तर रात्री ती भरत असताना मीटर फिरणारच, त्यावरून काही कळणार नाही. सगळे झोपले की पंप बंद ठेवून वरच्या टाकीत काठी बुडवा, पाण्याच्या पातळीला खूण करा. सकाळी कोणी नळ सोडायच्या आत पुन्हा बुडवा. आणि फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकून वीस मिनिटं कोणाला आत जाऊ देऊ नका. फ्लश न करता कमोडमध्ये रंग उतरला तर तळाचं रबर गेलं.

किनारा
पावसाचं पाणी साठवायचा विचार केलात का? पन्हाळीपासून पाइप घेता येतो.

सावली
किनारा, त्यांचं आहे तेच पाणी गळतंय. पन्हाळीसाठी वेगळा धागा काढा, मलाही हवाय.

मुग्धा_
आठ तासांत पातळी 6 सेंमी उतरली. मागच्या संडासात कमोडच्या आतल्या बाजूने निळी रेघ खाली येत होती, दोऱ्याएवढी. आवाज अजिबात नाही. कान लावून पाहिलं.

नळकाम
तुमच्या टाकीचा व्यास मीटरभर असेल तर 1 सेंमी म्हणजे जवळपास 8 लिटर. 6 सेंमीचे 47, म्हणजे दिवसाला 140 लिटर. नवं रबर मिळेपर्यंत त्या फ्लशच्या टाकीखालचा अँगल कॉक (तिचं पाणी बंद करायचा छोटा नळ) बंद ठेवा.

काटकसर
सापडलं! पंप जास्त चालला म्हणून वीजही वाढली.

नळकाम
नाही. 1 एचपीचा पंप म्हणजे पाऊण किलोवॅट, आणि 140 लिटर चढवायला काही मिनिटंच लागतात. विजेचं कारण वेगळं आहे. मुग्धाताई, गीझर?

मुग्धा_
दिवसभर चालूच असतो. बाळाचं सारखं काहीतरी धुवावं लागतं. तीन महिन्यांचं आहे.

सावली
अगं, बाळ झालंय हे आधी नाही का सांगायचं! खूप अभिनंदन. आणि "वापर पूर्वीइतकाच" कसा?

मुग्धा_
एवढ्याशा जिवाला किती लागणार, असं वाटलं. नळ एका दांडीचा आहे, ती मधोमध ठेवते.

नळकाम
मधोमध म्हणजे निम्मं गरम. हात धुतलात तरी तेवढंच गार पाणी गीझरमध्ये शिरतं. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला 0.6 युनिट लागतं, दिवसातून किती वेळा होत असेल बघा. दांडी कायम गारकडे वळवून ठेवा, गीझर गरजेआधी लावा.

काटकसर
सोलर बसवा.

मुग्धा_
रबर बदललं. रात्रीची खूण सकाळी तिथेच होती. दांडी गारकडे ठेवायची सगळ्यांना सवय लावतेय, आई अजून मधोमध ठेवतात. नळकाम, मनापासून आभार. पुढच्या फ्लशच्या टाकीतही रंग टाकून ठेवलाय.