‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा?

प्रश्न : ‘वॉक’चं ‘वॉक्ड’ होतं, ‘सिंग’चं ‘सँग’ होतं, म्हणजे मूळ शब्द ओळखू तरी येतो. ‘गो’चं ‘वेंट’ कुठून आलं? आणि ‘गो’ म्हणजे आपला संस्कृतातला ‘गम्’ धातूच, असं पुष्कळदा ऐकलंय. ते बरोबर आहे का?

‘वेंट’ हे ‘गो’चं रूप नाहीच, ते ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं आहे. ‘सेंड–सेंट’, ‘बेंड–बेंट’, ‘स्पेंड–स्पेंट’, ‘लेंड–लेंट’ या रांगेत ‘वेंड–वेंट’ ठेवून बघा, लगेच बसतं. ‘वेंड’चा जुना अर्थ वळणे, वळवणे. जर्मनमध्ये ‘वेंडेन’ आजही त्याच अर्थाने आहे. वळणे, मग वाटेला लागणे, मग जाणे, असा अर्थ सरकत गेला. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘एओदे’ होता, आणि तोही ‘गो’शी न जुळणाराच. पुढे त्याची ‘येद’, ‘योद’ अशी रूपं झाली आणि १५व्या शतकात ‘वेंट’ने त्यांची जागा घेतली. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘गेड’ असं स्वतंत्र रूप राहिलं. भूतकाळ हातचा गेल्यावर ‘वेंड’ने स्वतःसाठी ‘वेंडेड’ असं नवं रूप केलं. आता ‘वेंड’ हे ‘वेंड वन्स वे’ (wend one's way, म्हणजे वाट चालत जाणे) अशा ठरीव प्रयोगातच भेटतं.

आपण मराठी माणसांनी याचं नवल करायचं कारण नाही. ‘जातो’ आणि ‘गेला’ यांत एक तरी अक्षर सारखं आहे का? ‘जाणे’ आलं संस्कृतातल्या ‘या’ (जाणे) धातूपासून. शब्दाच्या आरंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ होतो, जसं यात्रा–जत्रा, यव–जव. ‘गेला’ आलं ‘गत’पासून, पुढे ‘ल’ प्रत्यय लागून; ‘कृत’चं ‘केला’ आणि ‘मृत’चं ‘मेला’ झालं तसंच. ‘येतो–आला’मध्येही हेच आहे, ‘आला’च्या मुळाशी ‘आगत’ आहे. गोव्यात कोंकणीत जाण्याला ‘वचप’ म्हणतात (प्राकृतात ‘वच्चइ’), पण भूतकाळ ‘गेलो’च! फ्रेंचमध्ये तर ‘जाणे’च्या रूपांत तीन वेगवेगळी मुळं एकत्र नांदतात. जी क्रियापदं दिवसातून शेकडो वेळा तोंडी येतात, त्यांची रूपं मूल नियमाने घडवत नाही, ऐकून तशीच्या तशी उचलतं. म्हणून असली जोडरूपं नेमकी तिथेच टिकतात.

आता ‘गम्’बद्दल. ‘गो’ आणि ‘गम्’ यांचं नातं नाही. ‘गम्’चा सख्खा भाऊ आहे ‘कम’, म्हणजे येणे! संस्कृतात जिथे मूळचा ‘ग’ किंवा ‘ज’ असतो, तिथे इंग्रजीत ‘क’ येतो. गौ आणि ‘काउ’ घ्या, जानु आणि ‘नी’, ज्ञा आणि ‘नो’. शेवटच्या दोन शब्दांच्या स्पेलिंगमध्ये आरंभी ‘के’ आहे. आज तो मुका आहे, पण पूर्वी उच्चारत असत. याच नियमाने गम्–‘कम’. इंग्रजीतला आरंभीचा ‘ग’ बहुधा संस्कृतातल्या ‘ह’ किंवा ‘घ’शी जुळतो, हंस आणि ‘गूस’ हे त्याचं ठळक उदाहरण. त्यामुळे ‘गो’चं नातं जोडलं जातं ते संस्कृतातल्या ‘हा’ धातूशी, ज्याचं ‘जिहीते’ हे रूप निघण्याच्या, पुढे जाण्याच्या अर्थाचं आहे. नुसत्या कानाला सारखे लागणारे शब्द जोडत बसलं की हमखास चुकतं. ध्वनीचा नियम आधी बघावा.

व्युत्पत्तीइतकंच वापराचंही सांगायला हवं, कारण चुका तिथे जास्त होतात.

‘ही हॅज गॉन टू दिल्ली’ म्हणजे तो दिल्लीला गेलाय, अजून परतलेला नाही. जाऊन आला असेल तर ‘ही हॅज बीन टू दिल्ली’. मराठीत ‘मी तीनदा दिल्लीला गेलोय’ म्हटलं तरी चालतं, म्हणून आपण ‘आय हॅव गॉन टू दिल्ली थ्री टाइम्स’ म्हणून बसतो. तिथे ‘बीन’च हवं.

निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्याचं ‘आय ॲम कमिंग’ केलं की इंग्रजी ऐकणारा गोंधळतो, कारण त्याच्या कानाला तुम्ही त्याच्याकडे येताय. तिथे ‘आय ॲम ऑफ’ किंवा ‘सी यू’ म्हणावं.

‘गोना’ हे ‘गोइंग टू’चं बोलण्यातलं रूप, पण त्यापुढे क्रियापदच लागतं. ‘आय ॲम गोना ईट’ बरोबर, ‘आय ॲम गोना पुणे’ चूक.

अवस्था बदलली हे सांगायलाही ‘गो’ येतं, पण बहुतेक वेळा बदल वाईटाकडे असतो. दूध नासलं की ‘वेंट सावर’, टक्कल पडलं की ‘वेंट बॉल्ड’, दिवाळं निघालं की ‘वेंट बँकरप्ट’. स्वप्न खरं झालं तर मात्र ‘केम ट्रू’. दमण्याला आणि आजारी पडण्याला ‘गो’ चालत नाही. ‘गॉट टायर्ड’, ‘फेल इल’ म्हणावं लागतं.