मुंबईहून विमानाने: अंतर किती आणि खरा वेळ किती? अनुभव येऊ द्या

पार्लेकर: मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किमी. जेट वर गेलं की ताशी ८०० च्या पुढे पळतं. म्हणजे दीड तासात पोचायला हवं, पण तिकिटावर सव्वादोन तास! आमच्या तीर्थरूपांना हे काही केल्या पटत नाही. तर मंडळी, अंतर, तिकिटावरचा वेळ आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ, तिन्ही लिहा. तिसरा आकडा लपवू नका.

डोंबिवलीची_माई: गोवा. जेमतेम चारशे किमी, हवेत तासभरसुद्धा नाही. चहा येईपर्यंत उतरायची घोषणा. पण डोंबिवलीहून विमानतळ, तिथली तपासणी, ताटकळणं, मग मोपाहून टॅक्सी. आदल्या रात्री कोकणकन्येत बसलेली नणंद मडगावला उतरून, आंघोळ उरकून आमची वाट बघत होती. वर तिने भाजलेल्या बांगड्याचं वर्णनही ऐकवलं.

निवृत्त_काका: पार्लेकर, वडिलांना सांगा, तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. सांताक्रूझला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. म्हणून रांग. शिवाय उड्डाण बहुतेकदा पश्चिमेला, जुहूवरून समुद्राकडे होतं, दिल्लीचं वळण नंतर. उतरतानाही गर्दी असली की आकाशात घिरट्या. कंपन्या हे सगळं धरूनच वेळ छापतात. मग पंधरा मिनिटं आधी पोचवलं की पाठ थोपटून घ्यायला मोकळ्या!

पार्लेकर: काका, हे जसंच्या तसं वाचून दाखवलं. "मग दीड तास का सांगत होतास?" असं मलाच ऐकावं लागलं.

लेक_लंडनला: आमचं ७२०० किमी. जाताना साडेनऊ-दहा तास, येताना चांगला तासभर कमी. वरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, तो जाताना तोंडावर आणि येताना पाठीशी. थंडीत हा फरक जास्त जाणवतो. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद आहे, तो वळसा वेगळा. दिल्लीकरांना जास्त भोवतो म्हणा.

समोरच्या पडद्यावरच्या नकाशात वाट उत्तरेकडे फुगलेली दिसते. ह्यांना वाटलं, पायलट लांबून नेतोय. गोल पृथ्वी सपाट नकाशावर पसरली की जवळची वाटच वाकडी दिसते. हे मला नातवाने शाळेच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवलं.

कामोठे_ते_करामा: दुबई, १९३० किमी. घड्याळाची गंमत इथेच. तिथलं घड्याळ दीड तास मागे, त्यामुळे तिकिटावर जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार दिसतात. प्रत्यक्षात जायला सव्वातीन, यायला तीनच्या आसपास. आई अजून म्हणते, "जातोस पटकन, यायला मात्र उशीर."

बोरिवली_पश्चिम: नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झालीत, त्यामुळे हल्ली शोधताना ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही विमानतळ येतात. स्वस्त दिसलं म्हणून बोट दाबण्याआधी विमानतळाचा कोड बीओएम (जुना) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते बघा. एनएमआय म्हणजे उलवे! आमच्याकडून तिथे गर्दीच्या वेळी निघायचं तर अहमदाबादचं विमान हवेत असेल त्यापेक्षा जास्त वेळ गाडीत जाईल.

कामोठे_ते_करामा: आम्हाला मात्र घराजवळ आलाय. आजवर सहारच्या जुन्या विमानतळावर जाताना आम्ही जे सोसलं, ते आता तुम्ही सोसा :)