अनुभव धागा: जुगाराच्या शहरात सुट्टीला जाताना काय तयारी केलीत?

राजारामपुरीकर
मेअखेरीस आम्ही अमेरिकेला नणंदेकडे जातोय. त्यात चार दिवस लास व्हेगास. हॉटेल तिनं परस्पर ठरवून टाकलंय, आमची व्हिसाची मुलाखत मात्र अजून व्हायचीय! सोबत सासूबाई (वय ७१, तीन पानीत अख्ख्या गल्लीला ऐकत नाहीत) आणि माझा १९ वर्षांचा मुलगा. याद्या भरपूर वाचल्या, 'आरामदायी बूट न्या' यापलीकडे त्यांत काही नाही. व्हेगास, मकाव, सिंगापूर, कुठेही गेला असाल तर 'हे आधी कळायला हवं होतं' असं काय वाटलं ते लिहा. फजिती असेल तर ती आधी.

उजळाईवाडी ते जगभर
पायांपासूनच सुरू करतो. तिथला मुख्य रस्ता म्हणजे स्ट्रिप, साधारण पावणेसात किलोमीटर. हॉटेलं एवढी अवाढव्य की खिडकीतून समोर दिसणारं गाठायला अर्धा तास लागतो. रस्ता ओलांडायला पूल, पूल उतरलात की दुसऱ्या कॅसिनोच्या पोटात, आणि बाहेर पडायची वाट मशिनींच्या गर्दीतून. मी झोकात नवीकोरी कोल्हापुरी घालून गेलो, तेल मुरायलासुद्धा वेळ दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या.

हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही, ओठ मात्र फुटतात. आम्ही जुलैत होतो, पारा ४० च्या वर. मेअखेरही काही थंड नसते. सासूबाईंना भर दुपारी बाहेर काढू नका. बेलाजिओ हॉटेलची कारंजी रात्री बघा, फुकट आहेत आणि खरंच भारी आहेत.

खोलीचं भाडं बघून हुरळू नका. 'रिसॉर्ट फी' रोजची वेगळी, शिवाय चेक-इनला कार्डावर अनामत अडकवतात. मी फॉरेक्स कार्ड दिलं, ते पैसे घरी परतल्यावर दहा दिवसांनी सुटले. अनामतीला क्रेडिट कार्ड द्या.

पांढरा रस्सा
तिकीट कुठून आहे ते आधी बघा. आमचं दुबईमार्गे होतं. आईनं पाव किलो कांदा-लसूण चटणी बांधून दिलेली. आदल्या रात्री मित्र सहज म्हणाला, "चटणीत खसखस हाय का रे?" आहे की! खसखशीशिवाय चटणी असते का? तर दुबईत खसखस अमली पदार्थांत धरतात. रात्री अकराला चटणी भावाच्या घरी पोचवली. तो अजून आभार मानतो.

राजारामपुरीकर
बाप रे. आमचंही दुबईवरूनच आहे. बरणी आत्ताच परत कपाटात.

मंगळवार पेठेतली सून
मी मकावचं सांगते. भारतीय पासपोर्टला तिथे ३० दिवस व्हिसा लागत नाही, म्हणून आम्ही निवांत. पण विमान हाँगकाँगचं! तिथे व्हिसा नसला तरी आधी ऑनलाइन नोंदणी करून तिची चिठ्ठी छापून न्यावी लागते. आम्हाला हे मुंबई विमानतळावर काउंटरवर कळलं. चिठ्ठी बाहेरच्या एका दुकानातून छापून आणेपर्यंत ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

हाँगकाँगहून मकावला बोटीऐवजी बसने पुलावरून गेलो. ५५ किलोमीटरचा तो पूल २०१८ मध्ये सुरू झाला. पलीकडे उतरल्यावर मला चक्क पणजीत आल्यासारखं वाटलं, तशाच पिवळ्या भिंती, तशीच पोर्तुगीज नावं. पोर्तुगीज तिथून १९९९ ला गेले, गोव्यातून १९६१ ला. सेंट पॉल चर्चचा उरलेला दर्शनी भाग आणि अंड्याचे टार्ट यांतच आमचे दोन दिवस गेले. कॅसिनोत शिरायला पैसे लागत नाहीत, पण टेबलावरची कमीत कमी बोली बघून आम्ही नुसते हिंडलो. आत फोटो काढू देत नाहीत, माझ्या फोनवर एक रखवालदार धावून आला.

जमाखर्च
कुणी जिंकलंच तर: अमेरिकेत परदेशी माणसाच्या मशिनवरच्या मोठ्या जिंकण्यातून ३० टक्के कर जागेवर कापतात. ब्लॅकजॅक, रूलेट, बाकरा या टेबलावरच्या खेळांवर कापत नाहीत. आपल्याकडच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न दाखवावंच लागतं. हरलेलं मात्र कुठंही वजा होत नाही, हे अशिलांना पटवताना माझा घसा बसतो.

बावड्याचा बंडू
व्हिसासाठी मुंबईला दोन वेगळ्या फेऱ्या धरा, एक बोटांचे ठसे-फोटोची, दुसरी मुलाखतीची. वाणिज्य दूतावासात मोबाइल आत नेता येत नाही. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलो आणि सगळं सामान कुठं ठेवायचं हेच ठरवलं नव्हतं. आमच्या तीर्थरूपांना विचारलं, "कुठे कुठे जाणार?" त्यांनी "जुगार बघायला" म्हणून सुरुवात केली. मी त्यांच्या पायावर पाय दिला. मिळाला व्हिसा.

राजारामपुरीकर
मुलाचं काय? तो १९ चा आहे.

उजळाईवाडी ते जगभर
२१ पूर्ण नसेल तर वाटेवरून चालत जाऊ देतात, मशिनपाशी थांबू देत नाहीत. तुम्ही खेळायला बसलात की त्याला तिथून पिटाळणार. एखादा दिवस हूवर धरणाला न्या, ४५ मिनिटांवर आहे. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ मात्र गाडीने चार तास, तो एका दिवसात उरकू नका.

राजारामपुरीकर
शेवटचा प्रश्न, सासूबाईंनी घालायला लावलाय. तिथे तीन पानी असते का?

जमाखर्च
थ्री कार्ड पोकर बघा. पण तिथे चाल नाही, ब्लाइंड नाही, शो मागणं नाही. खेळ फक्त डीलरशी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कॅसिनोच्या माणसाशी. त्याच्याकडे राणी किंवा त्यावरचं काही नसेल तर त्याचा डावच धरत नाहीत. आणि एक जपा, तिथे प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची ओळीतली तीन पानं) ट्रेलच्या (तीन सारख्या पानांच्या) वर असतो.

राजारामपुरीकर
वाचून दाखवलं. "तीन एक्क्यांवर मात? मग ती तीन पानी कसली! कारंजी बघू," असं म्हणाल्या. पिशवीतला पत्त्यांचा जोड मात्र बाहेर काढलेला नाही. नणंदेच्या घरी लागेल म्हणे.